शंभर मीटरची टेप आणि एक पेन्सिल: प्रवाळ-पाहणीत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

स्कूबाचं सर्टिफिकेट मिळालं, दहा-पंधरा डायव्ह पदरात पडले की बहुतेक जण पाण्याखालच्या कॅमेऱ्यांच्या किमती बघू लागतात. घ्या कॅमेरा, माझी ना नाही. पण ज्यांना पाण्याखाली जाऊन काही कामाचं करायचं आहे त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. तिला लागणारं सामान म्हणजे शंभर मीटरची टेप, प्लास्टिकची पाटी आणि शिसपेन्सिल. प्रवाळावर कोणते मासे किती उरलेत, प्रवाळ जिवंत किती, मेलेलं किती, हे ठरलेल्या पद्धतीनं मोजायचं. जगभर हे काम स्वयंसेवक डायव्हर करतात आणि त्यांनी वर आणलेले आकडे शास्त्रज्ञ वापरतात.

पद्धती बऱ्याच आहेत. ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या 'रीफ लाइफ सर्व्हे'त टेपच्या पट्ट्यात दिसेल तो प्रत्येक मासा जातीसकट ओळखावा लागतो. ते नवख्याचं काम नाही. फ्लोरिडातल्या 'रीफ' या संस्थेच्या पाहणीत टेपच नसते. हवं तसं पोहायचं आणि दिसलेल्या जातींची यादी करायची. या लेखात मी 'रीफ चेक' या संस्थेची पद्धत धरली आहे, कारण नवा माणूस सगळ्यात लवकर उपयोगी पडतो तो इथे. ठिकाण धरलंय मलेशियाचं तिओमान बेट. ते का, तर आपल्या कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात डायव्हिंग बंद पडतं, तेव्हा तिओमानला ऐन हंगाम चालू असतो. तिथला ईशान्य मोसमी पाऊस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत बेट जवळजवळ कुलूपबंद. म्हणजे मालवण आणि तिओमान मिळून वर्ष भरतं.

'रीफ चेक'ची पद्धत ग्रेगर हॉजसन या सागरी जीवशास्त्रज्ञानं आखली आणि १९९७ मध्ये पहिली जागतिक पाहणी झाली. तीनशेहून जास्त ठिकाणी डायव्हर उतरले. शेवंड, मोठे गोबरे अशा खाण्याच्या प्राण्यांचे आकडे त्या वेळी धक्कादायक निघाले. बहुतेक ठिकाणी शेवंड दिसलीच नाही. हे कळलं ते स्वयंसेवकांनी कागदावर प्रामाणिकपणे शून्य लिहिलं म्हणून. नव्या माणसानं या लेखातलं काहीच लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, पण पाटीवर शून्य लिहायला लाजू नये. पुढे हा मुद्दा परत येणार आहे.

आधी पाण्यात स्थिर राहायला शिका

मालवणला किंवा गोव्याला जो 'स्कूबा' पर्यटक करतात, म्हणजे प्रशिक्षकानं मागून सिलिंडर धरलेलं आणि समोरून व्हिडिओ चालू, तो यात धरत नाहीत. ओपन वॉटर सर्टिफिकेट लागतं. ते कुठल्याही मान्यताप्राप्त संस्थेचं असो, त्यावर तुम्हाला अठरा मीटरपर्यंत जाता येतं आणि या पाहणीला तेवढं पुरून उरतं, कारण काम दोन ते बारा मीटर खोलीतच चालतं. कोर्स तारकर्लीला, मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटावर, अंदमानात, पुदुच्चेरीत, कुठेही करता येतो. त्यानंतर निदान वीसेक डायव्ह व्हायला हवेत, असं माझं मत. नियम काय म्हणतो ते वेगळं.

कारण खरी परीक्षा बॉयन्सीची, म्हणजे वर-खाली न होता एका पातळीवर तरंगण्याची आहे. तळापासून दीड-दोन फुटांवर आडवे तरंगत राहा, दोन्ही हात पाटी-पेन्सिलीत गुंतलेले ठेवा, आणि दोन मिनिटं काहीतरी लिहा. वर गेलात, खाली टेकलात किंवा हातानं पाणी मारावं लागलं, तर अजून वेळ आहे. पाहणीत तुमच्या पोटाखाली जिवंत प्रवाळ असतं. वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर वाढणारी फांदी एका फिनच्या, म्हणजे पायातल्या वल्ह्याच्या, फटक्यात मोडते, आणि ज्याची मोजदाद करायला आलो त्याचंच नुकसान करून गेलो असं होतं. फिन्स वरखाली मारण्याऐवजी बेडकासारखी लाथ मारायला शिका. तळाची वाळू उडत नाही. गुडघे वाकवून मागे पाय वर ठेवण्याची सवय जरूर लावा.

सराव करायला तिओमानच लागतं असं नाही. तरणतलावात सिलिंडर घेऊन उतरा, तळाशी एक दोरी पसरा आणि तिच्यावरून पाटीवर लिहीत जा. बघणारे हसतील. हसू द्या.

यादी पाठ करा, ती छोटी आहे

रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर, माशांच्या शेकडो जाती असतात. त्या सगळ्या ओळखायच्या म्हटलं तर आयुष्य जाईल. रीफ चेकची युक्ती अशी, की हिंद-प्रशांत महासागरासाठी मोजके सूचक प्राणी निवडलेत आणि बहुतेक ठिकाणी जात न ओळखता कूळ ओळखलं तरी भागतं. प्रत्येक नाव यादीत असण्याला कारण आहे आणि ते कारण कळलं की नाव आपोआप लक्षात राहतं.

माशांमध्ये ग्रूपर, म्हणजे आपला गोबरा, मालवणीत हेकरू. तीस सेंटिमीटरपेक्षा मोठेच मोजायचे. स्नॅपर, म्हणजे तांबोशीच्या कुळातले. स्वीटलिप्स, जाड ओठांचे. हे तिन्ही गळाला आणि भाल्याला पहिले सापडतात, त्यामुळे मासेमारीचा ताण यांच्या संख्येवर आधी दिसतो. पॅरटफिश वीस सेंटिमीटरच्या वरचे. हे चोचीनं खडकावरचं शेवाळ खरवडून खातात. पाण्याखाली शांत राहिलात तर त्यांच्या चावण्याचा कुर्रकुर्र आवाज कानाला येतो. ते गेले की शेवाळ वाढतं आणि नव्या प्रवाळाला जागा उरत नाही. बटरफ्लायफिश मोजायचे, कारण त्यातले बरेचसे प्रवाळाचे कोंभच, म्हणजे ते ज्यांचं बनतं ते इवले जीवच, खातात आणि मत्स्यालयाच्या धंद्यासाठी पकडलेही जातात. सापासारखा लांबट मोरे ईल आहे. बारामुंडी कॉड आणि हंपहेड रास हे हाँगकाँग-चीनमधल्या हॉटेलांत जिवंत विकले जाणारे महागडे मासे. आणि बंपहेड पॅरटफिश, कपाळावर टेंगूळ असलेला, सव्वा मीटरपर्यंत लांब होऊ शकणारा. तो रात्री झुंडीनं झोपतो आणि झोपेतच मारला जातो.

घोळ कुठे होतो ते आधीच सांगतो. बटरफ्लायफिश आणि अँजेलफिश दोन्ही चपटे, रंगीत. अँजेलफिशच्या कल्ल्याच्या झाकणावर मागे वळलेला ठसठशीत काटा असतो, बटरफ्लायफिशला नसतो. मूरिश आयडॉल हा काळा-पांढरा-पिवळा, पाठीवर लांब दोरा असलेला मासा दिसायला अगदी त्यातलाच, पण त्याचं कूळ वेगळं. तो मोजायचा नाही. त्याच्याशी गल्लत होणारा बॅनरफिश मात्र बटरफ्लायफिशच्या कुळातला आहे, तो मोजायचा. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी या दोघांवरून हमखास वाद होतो.

बिनकण्याच्या प्राण्यांत शेवंड, अर्चिन म्हणजे काटेरी गोळ्यासारखे प्राणी (लांब काट्यांचे काळे डायडेमा, पेन्सिल अर्चिन, कलेक्टर अर्चिन), बँडेड कोरल श्रिंप ही पट्टेरी कोळंबी, राक्षसी शिंपला, ट्रायटन हा मोठा शंख, प्रवाळ खाणारा क्राउन ऑफ थॉर्न्स तारामासा, आणि समुद्रकाकडी. समुद्रकाकडीत एक मेख आहे. सगळ्या मोजायच्या नाहीत. व्यापारात ज्यांना किंमत येते अशा ठरावीक तीनच. वाळूत जागोजागी पडलेली साधी काळी काकडी यादीत नाही. नवखे ती भरभरून मोजतात आणि आकडा फुगतो. ट्रायटन यादीत का, तर एकीकडे तो शोभेची वस्तू म्हणून विकला जातो आणि दुसरीकडे क्राउन ऑफ थॉर्न्सला खाणाऱ्या थोड्या प्राण्यांपैकी तो एक आहे.

चित्रांची कार्डं करा. लोकलमध्ये, बसमध्ये चाळत राहा. पुस्तकातला फोटो बाजूनं काढलेला, उजेडातला असतो. पाण्यात तोच मासा तुमच्याकडे शेपूट करून निळसर अंधारात निघून जातो. म्हणून फोटोंबरोबर व्हिडिओही बघा.

प्रशिक्षण

रीफ चेक मलेशियाचं 'इकोडायव्हर' प्रशिक्षण काही दिवसांचं असतं: वर्गातली ओळख, जमिनीवर टेप टाकून रंगीत तालीम, मग पाण्यात परीक्षा. प्रशिक्षक एखाद्या प्राण्याकडे बोट दाखवतो, तुम्ही पाटीवर नाव लिहायचं. तळाच्या प्रकारांचीही तशीच परीक्षा. पास झालात की तुमचे आकडे धरले जातात. नाही झालात तर त्या फेरीत टेप टाकणं, गुंडाळणं, बोटीवर नोंदी तपासणं अशी कामं करता येतात, तीही लागतातच.

तिओमानला एक गोष्ट मला विशेष वाटते. तिथे बेटावरच्या लोकांचाही एक सागरी संवर्धन गट आहे. बोटवाले, तिथेच वाढलेली मुलं. ते समुद्रात रोज असतात. त्यांच्याबरोबर एक डायव्ह केलात तर कुठल्या कपारीत काय बसतं हे तुम्हाला पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

टेप टाकणं

ठिकाण आधी ठरलेलं असतं. खोली दोन पट्ट्यांत: उथळ, दोन ते सहा मीटर, मध्यम, सहा ते बारा मीटर. शंभर मीटरची टेप एकाच खोलीवर, उताराला समांतर पसरायची. त्या शंभर मीटरात वीस-वीस मीटरचे चार तुकडे मोजायचे आणि मध्ये पाच-पाच मीटर सोडायचे: शून्य ते वीस, पंचवीस ते पंचेचाळीस, पन्नास ते सत्तर, पंच्याहत्तर ते पंच्याण्णव. मधली पाच मीटर सोडायची कारण चारही तुकडे एकमेकांपासून वेगळे नमुने म्हणून धरता यायला हवेत. एकाच तुकड्यावर योगायोगानं माशांचा थवा आला, तर बाकीचे तीन ते उघड करतात.

टेप ताणून, पण प्रवाळात न अडकवता टाकायची. मेलेल्या खडकाच्या टोकाला एखादा वेढा द्या. सैल सोडलीत तर लाटेनं ती डावी-उजवीकडे डुलते आणि पुढच्या दोन तासांतली सगळी मापं डुलतात. टेप टाकण्याचं काम सुरुवातीला तुम्हालाच मिळेल. कंटाळवाणं वाटतं, पण शंभर मीटर एकाच खोलीवर राहून पोहायला लागतं, बॉयन्सीचा याहून चांगला सराव नाही.

टेप टाकून झाली की सगळ्यांनी पंधरा मिनिटं तिथून दूर व्हायचं. मासे बुजलेले असतात, त्यांना परत यायला वेळ द्यायचा. या पंधरा मिनिटांत 'जरा तिकडे काय आहे बघून येतो' म्हणून टेपवरून फेरी मारणारा एक तरी असतोच.

मासे मोजणं

पहिली जोडी माशांची. टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि वर पाच मीटर, असा एक बोगदा मनात धरायचा. त्याच्या आत जे आहे ते मोजायचं, बाहेर देवमासा आला तरी तो बाहेरचा. म्हणजे नोंद करायची, पण वेगळ्या रकान्यात. कासव, शार्क, मांटा यांच्यासाठी तशी सोय असते. तिओमानलगतच्या रेंगिस बेटाजवळ काळ्या टोकाचे रीफ शार्क फिरतात, तेव्हा हा नियम पाळणं किती अवघड आहे ते कळेल.

सावकाश पुढे जायचं, दर पाच मीटरला थांबायचं आणि एक मिनिट वाट बघायची. गोबरा आधी कपारीत शिरतो आणि मग डोकं बाहेर काढून बघतो. न थांबता जाणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. तुम्ही पुढे गेल्यावर मागून आत आलेला मासा मोजायचा नाही, नाहीतर तोच बटरफ्लायफिश तीनदा लिहिला जाईल. थवा आला तर एकेक न मोजता दहाचा गट डोळ्यानं बांधायचा आणि असे किती गट होतात ते बघायचं.

आता लांबीचं. मास्कमधून पाण्याखाली वस्तू साधारण एक तृतीयांशानं मोठी दिसते. बावीस-तेवीस सेंटिमीटरचा गोबरा तीसचा वाटतो आणि यादीत घुसतो. याला उपाय एकच, सराव. पीव्हीसी पाइपचे वीस, तीस, चाळीस, पन्नास सेंटिमीटरचे तुकडे कापा, दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा आणि लांबून अंदाज करा. पाटीच्या कडेवर तीस सेंटिमीटरपर्यंत खुणा करून घेतल्या की पाण्यातही तुलना करता येते, कारण पाटीही तेवढीच मोठी दिसते. हे इतकं साधं आहे की लोक करत नाहीत.

आणि शून्य. वीस मीटर संपले, एकही स्नॅपर नाही, एकही मोरे नाही. रकाना मोकळा सोडलात तर संध्याकाळी बोटीवर बसलेल्याला कळत नाही की स्नॅपर नव्हता की तुम्ही बघायचं विसरलात. मोकळा रकाना आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनगणनेला आलेला मास्तर सुंदर बंगल्याचं वर्णन लिहीत नाही आणि बंद घर वगळत नाही. घर बंद आहे असं लिहितो. स्वयंसेवकाच्या मनात नेहमी असं येतं, की इतक्या लांबून आलोय, काहीतरी दिसायला हवं. त्या नादात बाहेरचा मासा आत येतो, अठ्ठावीसचा तीसचा होतो. त्यात लबाडी नसते, उत्साह असतो. आकडा मात्र सारखाच बिघडतो.

बिनकण्याचे प्राणी

दुसरी जोडी त्याच पाच मीटरच्या पट्ट्यात, पण खाली मान घालून नागमोडी पोहत जाते. कपारीत, पुढे झुकलेल्या खडकाखाली टॉर्च मारून बघायचं. शेवंडीच्या मिशा आधी दिसतात, शेवंड नंतर. दगड उचलून बघायचं नाही. राक्षसी शिंपल्याची लांबीही लिहायची असते, दहा-दहा सेंटिमीटरच्या गटांत.

याच फेरीत नुकसान नोंदवायचं: बोटीच्या नांगरानं मोडलेलं प्रवाळ, तुटकी जाळी, प्लास्टिक. शून्य ते तीन अशी मोजपट्टी असते. कोरल ब्लीचिंग, म्हणजे प्रवाळ पांढरं पडणं, वेगळं लिहायचं. पाणी जास्त तापलं की प्रवाळाच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवालं बाहेर पडतात आणि पांढरा सांगाडा आरपार दिसू लागतो. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात जगभर अशा लाटा आल्या आणि चौथी लाट एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाली. अशा वर्षी तुमच्या टेपखाली किती टक्के प्रवाळ पांढरं पडलंय हा आकडा सोन्याच्या मोलाचा असतो.

तळ: सगळ्यात कोरडं आणि सगळ्यात मोलाचं काम

तिसऱ्या जोडीकडे कोणी बघत नाही. फोटो त्यांचे कोणी काढत नाही. पण प्रवाळ वाढतंय की कमी होतंय हे ठरतं ते यांच्याच कागदावरून.

हातात एक ओळंबा असतो. खरं तर साधा लोखंडी नट, दोरीला बांधलेला. टेपवर दर अर्ध्या मीटरला तो अलगद खाली सोडायचा आणि ज्याला टेकेल ते लिहायचं. वीस मीटरच्या तुकड्यात चाळीस नोंदी, चार तुकड्यांत एकशे साठ. ओळंबा का? तर डोळा पक्षपाती असतो. टेपखाली अर्धी वाळू आणि अर्धं सुंदर प्रवाळ असेल तर डोळा प्रवाळ लिहितो. नट जिथे पडेल तिथे पडतो.

नोंदी दोन-तीन इंग्रजी अक्षरांच्या असतात: जिवंत कठीण प्रवाळ एचसी, मऊ प्रवाळ एससी, नुकतंच मेलेलं आरकेसी, सांडपाण्यानं फोफावणारं शेवाळ एनआयए, स्पंज एसपी, खडक आरसी, प्रवाळाचे तुकडे आरबी, वाळू एसडी, गाळ एसआय आणि बाकी सगळं ओटी. वाचायला सोपं. पाण्यात गेलात की प्रश्न सुरू होतात.

पांढरं फटक प्रवाळ दिसलं. मेलंय का? जवळ जा. पृष्ठभागावर पातळ, पारदर्शक मांसल थर आणि बारीक कोंभ दिसत असतील तर ते ब्लीच झालेलं, पण जिवंत आहे, ते एचसीच. थर गेलाय, सांगाड्याची नक्षी मात्र अजून स्पष्ट आहे आणि फारतर हलकीशी शेवाळाची साय धरलीय, तर ते गेल्या वर्षभरात मेलेलं, आरकेसी. नक्षी झिजून बुजली, वर शेवाळाचा लवदार थर किंवा गुलाबी पापुद्रा बसला की तो खडक, आरसी. एकाच प्रवाळाच्या तीन अवस्था, तीन वेगळे रकाने. आणि तीन महिन्यांनी आलेला माणूस यावरूनच सांगू शकतो की मधल्या काळात काय झालं.

खडक आणि तुकडा यांत सीमा पंधरा सेंटिमीटरची. त्यापेक्षा मोठा तो खडक, लहान तो आरबी, आणि अर्ध्या सेंटिमीटरखाली वाळू. गाळ ओळखायचा तर हात हलवून बघा: वाळू उडते आणि लगेच बसते, गाळ पाण्यात तरंगत राहतो. खडकावरचं बारीक लवदार शेवाळ एनआयए नाही; त्याखालचं लिहायचं. दाट, मांसल शेवाळाचा गालिचा असेल तर तो एनआयए. फायर कोरल दिसायला वेगळं, अंगाला लागलं तर जळजळीत, तरी एचसीमध्ये, कारण तेही रीफ बांधतं. निळं प्रवाळही तसंच. समुद्रफूल मात्र मऊ दिसलं म्हणून एससी नाही, ते ओटी.

एकशे साठ वेळा नट सोडताना साधारण नव्वदीनंतर मन भरकटतं. तेव्हा बडीनं, म्हणजे जोडीदारानं, मागून टेपचे आकडे वाचत राहावं आणि तुम्ही लिहावं, किंवा उलट. एकट्यानं दोन्ही करू नका.

जिवाची काळजी

उथळ पाणी, सोपा डायव्ह, म्हणून माणूस गाफील होतो. काम करताना हवेचा काटा बघायचा राहून जातो. जोडीतल्या एकानं दर तुकड्याच्या शेवटी दोघांची हवा तपासायची असा नियमच ठरवून घ्या. टेप अर्धी राहिली तरी चालेल. ती उद्या होईल.

टायटन ट्रिगरफिशची घरटी तिओमानच्या पाण्यात असतात. अंडी घातलेली असली की तो माशांना काय, डायव्हरलाही चावायला धावतो. त्याचा ताबा घरट्यापासून वर शंकूसारखा रुंदावत जातो, त्यामुळे घाबरून वर गेलात तर त्याच्या हद्दीतच राहता. आडवे, तळालगत दूर पोहा, फिन्स त्याच्याकडे करून. टेप त्याच्या घरट्यावरून जात असेल तर तेवढा भाग सोडून द्या आणि तसं कागदावर लिहा. डायडेमाच्या काट्यांपासून गुडघे जपा. अंगाला क्रीम फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा रॅशगार्ड घाला. सरफेस मार्कर बॉय, म्हणजे आपली जागा दाखवणारा तरंगता फुगा, प्रत्येक जोडीकडे हवाच, वर बोटींची ये-जा असते. डायव्हिंगचा विमा उतरवा. साध्या प्रवासविम्यात बहुधा तो धरलेला नसतो.

वर आल्यावर

जेवणाआधी कागद. पाटीवरचं त्याच दिवशी, ज्यानं लिहिलं त्यानंच, ज्याच्या हस्ताक्षरात सात एकासारखा दिसतो त्यानं तर विशेष करून, गटप्रमुखासमोर वाचून दाखवायचं. चार तुकड्यांपैकी एकात पॅरटफिश चाळीस आणि बाकीच्यांत दोन-तीन असतील तर विचारलं जाईल: थवा होता का? होता तर तसा शेरा लिहा. तळाच्या नोंदी प्रत्येक तुकड्यात चाळीसच भरल्या पाहिजेत. एकोणचाळीस निघाल्या तर एक कुठे गळली ते आत्ताच आठवतं, पुण्याला परतल्यावर नाही. बेट सोडायच्या आधी तपासणी झाली तर चुकलेला तुकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजता येतो.

परतीचं विमान शेवटच्या डायव्हनंतर निदान अठरा तासांनी धरा. बेटावरून मुख्य भूमीवरच्या मर्सिंगला फेरी आणि तिथून क्वालालंपूरपर्यंत बसचा लांबचा प्रवास यात बरेच तास जातात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. शेवटचा दिवस कोरडा ठेवा. ज्यांना तो फुकट वाटतो त्यांनी टेप धुवावी. खारं पाणी राहिलं की आकडे पुसट होतात.

घरबसल्या काय करता येईल

तिओमान वर्षातून एकदाच जमेल. मधल्या काळात डोळा तयार ठेवायचा असेल तर मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'च्या २०१७ पासून चालू असलेल्या किनारा-फेऱ्यांना जा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून, मोठ्या ओहोटीला, जुहू, कार्टर रोड, हाजी अली. शहराच्या सांडपाण्याला लागून असलेल्या खडकांवर प्रवाळ आणि समुद्रफुलं बघितली की तिओमानच्या स्वच्छ पाण्यात ओळखणं सोपं जातं. तिथेही हात न लावता बघायचं आणि फोटो काढायचे. कठीण प्रवाळ, समुद्रकाकडी यांना आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, उचलणं हा गुन्हा आहे.

मालवणला सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं. तिथे पाणी उथळ आणि बहुधा गढूळ, म्हणून बॉयन्सी पक्की करायला उत्तम: समोर दोन-तीन मीटर दिसत असताना स्थिर राहता आलं तर कुठेही राहता येईल. फक्त जिथे पर्यटकांसाठी माशांना पाव-बिस्किटं टाकतात तिथे मोजणीचा सराव करू नका. ते मासे तुमच्या हाताकडे धावत येतात, आणि तुम्हाला वाटायला लागतं की सगळीकडे इतकेच असतात.

तिओमानच्या पाहणीत जागा मिळवायची असेल तर तिथला हंगाम मार्चमध्ये उघडायच्या आधीच रीफ चेक मलेशियाकडे विचारणा करा. सर्टिफिकेटचा क्रमांक, डायव्हची लॉगबुक आणि शेवटचा डायव्ह कधी केला ते लिहा. शेवटच्या डायव्हला वर्ष उलटलं असेल तर जाण्याआधी इथेच एक रिफ्रेशर करून घ्या. पेन्सिल साधी लाकडी न्या आणि दोरीनं पाटीला बांधा. सुटी पेन्सिल पाण्यात वर तरंगत जाते.